दोन मिक्सर, एक मालक

पुण्याहून सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागायच्या, तेव्हा परभणीचं आकाशवाणी केंद्र तेवढ्या वेळापुरतं पुण्याचं होऊन जायचं. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. रेडिओचा काटा 1305 किलोहर्ट्झवरच, ट्रान्झिस्टर तोच, खरखरही रोजचीच. बोलणारा आवाज तेवढा बदललेला. आतल्या बाजूला मात्र त्या काही मिनिटांसाठी दोन कन्सोल, म्हणजे स्टुडिओतले मिक्सर, एकमेकांना जोडलेले असत. एक पुण्यात, बातम्या वाचणाऱ्याच्या स्टुडिओला लागून. दुसरा परभणीत, ड्यूटीवरच्या माणसासमोर. पुण्याहून येणारा सगळा कारभार परभणीच्या कन्सोलला फक्त एक चॅनल म्हणून दिसे. शेजारच्या चॅनलवर टेपरेकॉर्डर, त्याच्या शेजारी निवेदकाचा माइक, आणि मध्ये एका बटणावर अख्खं पुणे.

परभणीचं केंद्र 1968 साली, डिजिटल यंत्रांच्या कितीतरी आधी, सुरू झालं. दोन मिक्सर जोडून त्यांचा एक मिक्सर करायचा, ही गोष्ट आजच्या साऊंडवाल्यांना डिजिटल जमान्याची देणगी वाटते. कॅस्केड, लिंक असे शब्द त्यासाठी सर्रास वापरले जातात. पण रेडिओवाले हे काम नव्या शब्दांच्या कितीतरी आधीपासून रोज, घड्याळाच्या ठोक्यावर करत आले आहेत. आणि ज्यांनी ते केलं त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: जोडलेले दोन कन्सोल कधीच बरोबरीचे नसतात. कोण देणार, कोण घेणार आणि आवाज बिघडला तर कोणी हात लावायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर जोडणीपेक्षा न जोडलेलं बरं.

हे ठरवण्याची रेडिओची रीत साधी होती. बाहेरून थेट कार्यक्रम घ्यायचा असेल, समजा कीर्तनाच्या मंडपातून किंवा शेतकरी मेळाव्यातून, तर तिथे चार-सहा माइकांचा छोटा मिक्सर जाई आणि मंडप ते स्टुडिओ टेलिफोन खात्याची तार भाड्याने घेतली जाई. परभणीत 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्यामुळे मेळावे, पीक प्रात्यक्षिकं, शेतीतज्ज्ञांची भाषणं यांना इथे तोटा नव्हता. कार्यक्रमाच्या आधी मंडपातला माणूस तारेवर 1000 हर्ट्झचा एकसुरी सूर सोडायचा. कानाला कंटाळवाणा, पण कामाचा. इकडे स्टुडिओतला माणूस आपल्या मीटरचा काटा ठरलेल्या खुणेवर आणायचा. 600 ओहमची तार आणि तिच्यावर एक मिलिवॅट, म्हणजे 0.775 व्होल्ट, हे त्या काळातलं सगळीकडचं परिमाण. दोन्हीकडचे काटे एका खुणेवर आले की त्या चॅनलची बटणं जागेवर राहायची. पुढे आवाज लहान-मोठा करायचा तो मंडपातल्याने; स्टुडिओतला माणूस फक्त उघडणार आणि बंद करणार. दोघांनीही एकाच आवाजावर हात चालवला तर काय होतं, हे ज्याने एकदा ऐकलं त्याला पुन्हा सांगावं लागत नसे. एक वाढवतो म्हणून दुसरा कमी करतो, दुसऱ्याने कमी केलं म्हणून पहिला आणखी वाढवतो, आणि बुवांचा अभंग भरती-ओहोटीला लागतो.

तारेची मर्यादाही होतीच. साध्या टेलिफोनच्या तारेवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झएवढाच आवाज जातो. माणसाचं बोलणं कळतं, पण मृदंगाची धुमाळी आणि टाळांची किणकिण दोन्ही कापली जातात. संगीतासाठी चांगल्या प्रतीच्या वेगळ्या तारा लागत आणि त्या सगळीकडे मिळत नसत. दिल्लीहून 20 जुलै 1952 पासून सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभरची केंद्रं घेत, पण दूरच्या केंद्रांना कित्येकदा तो शॉर्टवेव्हवर पकडून पुढे सोडावा लागे. म्हणजे दिल्लीचा कन्सोल, मधलं आकाश, मग इथला कन्सोल. मधल्या आकाशाचा मूड जसा असेल तसा भीमपलास. 1983 साली इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि पुढच्या वर्षांत केंद्रं उपग्रहाने जोडली जाऊ लागली, तेव्हा कुठे ही हवेतली लहर संपली. जोडणीतलं मालक-चाकराचं नातं मात्र तसंच राहिलं. दिल्लीचे ठोके पडले की इथला फेडर, म्हणजे आवाजाचं सरकतं बटण, वर, दिल्लीचं संपलं की खाली.

परभणीला आवाजाच्या बाबतीत दुसऱ्याच्या कन्सोलवर अवलंबून राहणं नवं नव्हतं. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचं रेडिओ केंद्र 1935 साली संस्थानाने हाती घेतलं. औरंगाबादलाही निजामाचं केंद्र होतं. ही केंद्रं 1 एप्रिल 1950 रोजी आकाशवाणीत सामील झाली. संस्थानात रेडिओ सरकारी, आणि बाहेर मैदानात बोलायचं तर त्यालाही सरकारची परवानगी. ‘गश्ती निशाण 53’ हे फर्मान मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडपाठ होतं, कारण जाहीर सभा त्याच्याच कचाट्यात सापडायच्या. अशाच काळात संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 साली परतूरला भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. 1981 साली जालना जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेलं. जिथे सभा घ्यायलाच कागद लागतो, तिथे लाऊडस्पीकरचा धंदा फोफावणं अवघडच होतं.

ब्रिटिश मुलुखात चित्र वेगळं होतं. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीने काँग्रेसच्या अधिवेशनांना माइक आणि कर्णे पुरवले. गांधी, नेहरू, सुभाषबाबूंच्या त्या काळच्या छायाचित्रांत माइकवर ही अक्षरं ठळक दिसतात. (नाव शिकागो, माणसं सिंधी, गिऱ्हाईक काँग्रेस, मुंबई ती हीच.) 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानक मोटवानेही आरोपी होते आणि पुढे ते सुटले. सभेच्या कामातली जोडणी मिक्सिंगच्या अगदी उलटी असे. तिथे माइक एक आणि गर्दी अफाट, म्हणून एकाच आवाजाचे फाटे फोडून तो अनेक अॅम्प्लिफायरांना वाटावा लागे. मिक्सिंगमध्ये पुष्कळ आवाज एका तोंडातून काढायचे असतात. भाषणाच्या काळातून गाण्याच्या काळात येताना साऊंडवाल्यांना ही उलटापालट शिकावी लागली, आणि दुसऱ्या मिक्सरची गरज खरी इथे लागली.

सिनेमावाल्यांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. परळच्या राजकमल कलामंदिर स्टुडिओत ध्वनिमिश्रक मंगेश देसाई री-रेकॉर्डिंगला बसत, तेव्हा संवादांची पट्टी वेगळी, संगीताची वेगळी, पावलं-दारं-पाऊस यांची वेगळी; सगळ्या पट्ट्या एका चालीने पळवून एका ठिकाणी एकजीव करायच्या. ‘पाकिजा’पासून ‘शोले’पर्यंतच्या चित्रपटांचं हे काम देसाईंच्या हाताखालून गेलं. तिथे कन्सोल एक आणि यंत्रं अनेक, पण प्रश्न तोच: पुढे कोण चालणार आणि मागे कोण? गाण्याच्या स्टुडिओंतही हाच पेच होता. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत 10 फेब्रुवारी 1967 रोजी बीटल्ससाठी चाळीस वादकांचा वाद्यवृंद बोलावला होता आणि चार ट्रॅकचं एक यंत्र अपुरं पडत होतं. केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका यंत्राच्या एका ट्रॅकवर 50 हर्ट्झचा सूर भरला आणि त्या सुरावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. पहिलं यंत्र नेईल तसं दुसरं जाणार. एक ट्रॅक त्या सुरात खर्ची पडला, पण उरलेले सात मिळाले. मोठ्या स्टुडिओंनी पुढे आठ, सोळा, चोवीस ट्रॅकची यंत्रं घेतली आणि हा खटाटोप मागे पडला. छोट्या गावातल्या माणसाला असं नवं यंत्र घेऊन मोकळं होता येत नव्हतं.

परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर या गावांत मंडप आणि लाऊडस्पीकरचा व्यवसाय बहुधा एकाच माणसाचा. लग्न, सप्ताह, गणपती, निवडणूक, उरूस हा त्याचा वर्षाचा हिशेब. त्याच्या टेंपोत बरीच वर्षं मुख्य माल म्हणजे अहुजाचे अॅम्प्लिफायर आणि लोखंडी कर्णे. या अॅम्प्लिफायरमध्ये मिक्सर आतच असतो: पाच-सहा माइकांची बटणं, एक ऑक्स (बाहेरचं यंत्र जोडायची खाच), जाड-बारीक आवाजाची दोन बटणं आणि मागे 100 व्होल्टची लाइन, जिच्यावर खांबाखांबावर कर्णे टांगत जायचं. लग्नात मंगलाष्टकांना एक माइक पुरतो. हरिनाम सप्ताहात भागत नाही. कीर्तनकाराचा एक, मृदंगाच्या दोन्ही बाजूंना दोन, पेटीला एक, गायक मंडळींना तीन-चार, विणेकऱ्याजवळ एखादा. बटणं तिथेच संपली. टाळकऱ्यांना कोणी माइक देत नाही, कारण द्यावा लागत नाही: टाळ सगळ्यांच्याच माइकांत शिरतो.

मग दुसरा अॅम्प्लिफायर निघतो. त्याच्या मागची लाइन-आउट पहिल्याच्या ऑक्समध्ये. झाली जोडणी. नवशिका पोरगा इथे हमखास एक चूक करतो: लाइन-आउटऐवजी कर्ण्याचं आउटपुटच पहिल्याच्या इनपुटला लावतो. शंभर व्होल्ट नको तिथे गेले की आधी वास येतो आणि मग उस्ताद.

जोडणी बरोबर केली तरी पुढची अडचण घूं-घूं आवाजाची. दोन यंत्रांना वीज दोन ठिकाणांहून आलेली असते. एकाला देवळातल्या बोर्डावरून, दुसऱ्याला जनरेटरवरून. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो. 50 हर्ट्झची घूं कर्ण्यात येते आणि अख्ख्या सप्ताहाला पुरते. यावर गावोगावी चालणारा उपाय म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकणं. घूं जाते, पण यंत्रात वीज उतरली तर तिला जायला माइकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाखेरीज वाट उरत नाही. खरा उपाय स्वस्त आहे: दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. रेडिओवाल्यांच्या तारांना दोन्ही टोकांना असे ट्रान्सफॉर्मर असायचे, त्यामुळे ही घूं तिथे सहसा वाट्याला येत नसे. मंडपापर्यंत ती हुशारी फार उशिरा आली, आणि काही टेंपोंत अजून यायची आहे.

वेगळे मिक्सर आले, सोळा चॅनलचे, बारा चॅनलचे, तेव्हा जोडणी जरा शिस्तीची झाली. दुसऱ्याचं डावं-उजवं आउटपुट पहिल्याच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये द्यायचं, माइकच्या खाचेत नाही. दुसऱ्याचा मुख्य फेडर शून्य डेसिबलच्या खुणेवर ठेवून विसरून जायचं. कीर्तनकाराचा माइक ज्या मिक्सरवर, तो मालक. साथीची मंडळी दुसऱ्यावर. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण बाजारात तो पाळला जातो, कारण त्याच्यामागे कारण आहे. दुसऱ्या मिक्सरवर मृदंग लाल दिव्यात गेला आणि आवाज फाटला, तर पहिल्यावर तो लहान करता येतो. फाटलेला मात्र फाटलेलाच राहतो. म्हणून जो आवाज गमावून चालणार नाही, तो मधल्या मुक्कामाविना थेट मालकाकडे. आकडेमोडही ध्यानात ठेवावी लागते. सारख्याच जोराचे दोन वेगवेगळे आवाज एकत्र आले की पातळी 3 डेसिबलने वाढते. तोच आवाज दोन वाटांनी आला तर 6 डेसिबलने. आणि प्रत्येक मिक्सरची स्वतःची एक बारीक ‘सुं’ असते. ती मृदंग वाजतोय तोवर कोणाला कळत नाही. बुवा डोळे मिटून थांबले की कळते.

फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. मोठ्या उरुसातल्या कव्वालीला कीर्तनाहून जास्त माइक लागतात: मुख्य कव्वाल, दोन पेट्या, तबला, ढोलक आणि मागे टाळ्या देत झील धरणारी सात-आठ मंडळी. टाळी हा साऊंडवाल्याचा शत्रू, कारण ती मीटरला दिसायच्या आत होऊन गेलेली असते. साहित्य संमेलनाचं गणित आणखी निराळं. 1995 साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अडुसष्टावं अधिवेशन परभणीत झालं. अशा संमेलनात एकाच दिवसात भाषण, परिसंवाद, कविसंमेलन आणि रात्री गाण्याचा कार्यक्रम असतो. दिवसा टेबलावरचे सात माइक, रात्री वादकांचे वीस. दर वेळी सगळं उचकटून पुन्हा लावण्यापेक्षा भाषणाचा मिक्सर जागेवर ठेवून गाण्याचा मिक्सर त्याला जोडणं सोपं पडतं. वक्ते आणि गायक एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, निदान वायरिंगमध्ये तरी.

जगाच्या बाजारात कंपन्यांनी ही गरज ओळखून जोडणीची सोय यंत्रातच दिली. अमेरिकेच्या शुअर कंपनीच्या एम-267 या चार माइकांच्या मिक्सरला ‘मिक्स बस’ नावाचा खास जॅक होता; दोन मिक्सर एका केबलने जोडले की आठ माइकांचा एक. इथे आउटपुटमधून इनपुटात जाणं नाही. दोन्हीकडचे आवाज जिथे एकत्र होतात ती आतली तारच एक केलेली. 1995 साली जपानच्या यामाहाने 02आर हा डिजिटल मिक्सर आणला, आणि त्यात खास कार्ड बसवून दोन मिक्सर आकड्यांच्या भाषेतच एक करता येऊ लागले. घूं गेली, सुं गेली. नवं भांडण आलं ते घड्याळाचं.

डिजिटल मिक्सर आवाजाचे सेकंदाला, समजा, 48,000 तुकडे करतो. दुसराही तेवढेच करतो, पण आपल्या घड्याळाने. दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकाने 48,000 तुकडे केले आणि दुसऱ्याने त्याच वेळात 48,001, तर दर सेकंदाला एक तुकडा जास्तीचा उरतो. त्याला जागा नाही, म्हणून तो ‘टिक्’ करून पडतो. अभंगात दर सेकंदाला एक टिक्. यावरचा उपाय म्हणजे एकाने आपलं घड्याळ बंद करून दुसऱ्याचं मानायचं. मेनूमध्ये त्यासाठी एक साधी ओळ असते, आणि ती बदलायची राहिली म्हणून फुकट गेलेल्या संध्याकाळी या धंद्यात पुष्कळ आहेत.

2012 साली बेरिंजरचा एक्स-32 आला आणि बत्तीस चॅनलचा डिजिटल मिक्सर तालुक्याच्या साऊंडवाल्याच्या आवाक्यात आला. नेटवर्कच्या एका केबलने दोन एक्स-32 जोडता येतात आणि 48 चॅनल इकडून तिकडे, तेवढेच तिकडून इकडे जातात. बहुतेक ठिकाणी ही जोडणी माइक वाढवायला वापरत नाहीत. एक मिक्सर प्रेक्षकांपुढे ठेवतात, लोकांना काय ऐकू जावं यासाठी. दुसरा स्टेजच्या कडेला, गाणाऱ्याला स्वतःचं काय ऐकू यावं यासाठी. माइक तेच, मिक्सर दोन. आणि इथे जुना प्रश्न नव्या ठिकाणी उगवतो. माइक जिथे आत शिरतो तिथलं गेन, म्हणजे आवाजाची पहिली वाढ, एकच असतं, आणि ते ज्या मिक्सरच्या ताब्यात दिलं असेल त्याचाच हात त्याच्यावर. दुसऱ्याला फक्त आकड्यांतलं कमी-जास्त करता येतं. गेनवाल्याने ऐन कार्यक्रमात गेन उचललं की दुसऱ्या बाजूला गायकाच्या पायाशी ठेवलेला स्पीकर शिट्टी मारतो, आणि शिव्या त्या बाजूच्या ऑपरेटरला. 1000 हर्ट्झचा सूर सोडून बटणं जागेवर ठेवणाऱ्या रेडिओवाल्यांनी हे सगळं आधीच ओळखलं होतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद झाला. राज्य सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. दहाच्या सुमाराला पोलीस मंडपात येतात ते सरळ प्रेक्षकांपुढच्या मिक्सरकडे, कारण तो दिसतो. ऑपरेटर मुख्य फेडर खाली ओढतो आणि मैदान गप्प होतं. पण स्टेजच्या कडेचा मिक्सर जोडलेला असला तरी त्याचं आउटपुट वेगळं. तिथले स्पीकर चालूच असतात. कव्वालाला स्वतःचा आवाज आधीसारखाच येत असतो, त्यामुळे तो आणखी दोन अंतरे रंगात गातो, आणि पोलिसांना कडेच्या मिक्सरवाल्याला शोधत स्टेजच्या मागे जावं लागतं.